पिवळ्या उजेडात हळद दिसत नाही

लातूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी ज्या शेडमध्ये होती, त्याच्या एका बाजूला डाळमिल आणि दुसऱ्या बाजूला पाइपवाले. डाळमिलचा भुसा दिवसभर उडायचा आणि आम्ही आत पांढरे झगे घालून धुळीच्या एकेका कणाशी भांडत बसायचो. जागा घेताना एवढी अक्कल कोणाला नव्हती. पण शेड रिकामा होता, लाइट बरी होती, आणि सरांना आपल्याच भागात काहीतरी करून दाखवायचं होतं. हे सर म्हणजे आमचे मालक. परदेशात काही वर्षं काढून परत आलेले, बोलायला गोड.

आता मी नांदेडला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, आधी काय करत होता? मी सांगते, चष्म्याच्या काचा करत होते. पोरं हसतात. गावाकडच्या मावशीनंही असंच विचारलं होतं, "म्हंजी चष्म्याचं दुकान टाकलंस का?" न्हाई ओ मावशी, दुकान न्हाई.

त्या चष्म्यातून समोरचं जग दिसतंच, आणि त्या जगावर अक्षरं, बाण, चित्रंही दिसतात. मशीन दुरुस्त करणाऱ्याला कोणता नट आधी खोलायचा ते समोरच लिहून येतं. चष्म्याच्या काडीत बारका प्रोजेक्टर असतो. त्याचा उजेड काचेत शिरतो, काचेच्या आतल्या आत उड्या मारत डोळ्यासमोर येतो आणि तिथं बाहेर पडतो. त्यानं कुठं शिरायचं आणि कुठं बाहेर पडायचं, हे ठरवतात काचेवरच्या रेघा. जुनी सीडी उन्हात धरली की रंग दिसतात ना, ते असल्याच रेघांमुळं. आमच्या रेघा त्याहून बारीक. एका केसाच्या रुंदीत शंभरावर बसतील अशा. त्या रेघा काचेवर छापायचं काम माझं होतं, आणि ते मला येत होतं. यात खोटा विनय कशाला?

रेघा कोरलेली मूळ तबकडी बाहेरच्या देशातून करून आणलेली होती. तिला आम्ही मास्टर म्हणायचो. ती एकच होती. मास्टरवरून मऊ प्लास्टिकचा ठसा उचलायचा, काचेवर रेझिनचा, म्हणजे डिंकासारख्या चिकट द्रवाचा, पातळ थर द्यायचा, त्यावर ठसा दाबायचा, अल्ट्राव्हायोलेट दिव्यानं रेझिन कडक करायचं आणि मग ठसा सोलून काढायचा. सगळी गोम या सोलण्यात. हात जरा वर ओढला गेला की रेघा फाटल्याच. एका कोपऱ्यापासून, एका दमात, कोन न बदलता सोलायचं. हे जमेपर्यंत मी लई काचा फोडल्या आणि लई वेळा बाथरूममध्ये जाऊन रडले. साध्या उजेडात रेझिन आपोआप कडक व्हायला लागतं, म्हणून छपाईच्या खोलीत सगळे दिवे पिवळे. दिवसभर त्या उजेडात काम करून बाहेर आलं की आभाळ निळंशार दिसायचं.

आता तिच्याबद्दल. तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण तिच्या नावाला धक्का लागू नये ही सवय अजून मोडत नाही.

नांदेडला विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. ती उदगीरची, किराणा दुकानवाल्यांच्या घरची. मी भोकरकडची, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आता रिटायर. आम्ही बौद्ध, ते शंकराचे भक्त. तिच्या आईच्या कपाळावर सकाळी अंघोळ झाल्याबरोबर भस्माचे पट्टे. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. ती आईला अव्वा म्हणायची, मीही अव्वाच म्हणायला लागले. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी आपली बाहेरच्या खोलीत अंग चोरून बसलेली. काही घरांत कुठवर जायचं असतं ते आम्हाला लहानपणीच कळलेलं असतं. अव्वा आतून ओरडली, "पाव्हण्यासारखी काय बसलीस गं, आत ये, शेंगा फोडू लाग." मी स्वयंपाकघरात गेले, तिच्या शेजारी पाटावर बसले. बास, मी तिथंच विकली गेले. त्यानंतर त्या घरातल्या कोणावर शंका घ्यायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नोकरी आधी मला लागली. सरांच्या मागं लागून लागून मीच तिला आणलं. "सर, तिची नजर माझ्यापेक्षा तयार हाय, तपासणीला घ्या." घेतलं. मी छापायची, ती तपासायची. लातुरात भाड्याची खोली एकच, गॅस एकच, भांडणंसुद्धा ठरलेली: कपडे कोण वाळत घालणार आणि पंखा कोण बंद करणार. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी एवढ्या गळ्यात गळा घालून राहत नाहीत. मला लई बरं वाटायचं ते.

त्या वर्षी आम्हाला पहिली मोठी ऑर्डर आली. सरांनी सगळ्यांपुढं सांगितलं की हा माल नीट गेला की दुसरी लाइन टाकू आणि छपाईचा सगळा विभाग यांच्या हाती देऊ. यांच्या म्हणजे माझ्या. नव्या पोरी येणार, त्यांना मी शिकवणार, खोलीच्या दारावर माझं नाव लागणार. मी वडिलांना फोन केला. ते फोनवर नुसते "बरं, बरं" म्हणाले, पण संध्याकाळपर्यंत गावात पारावर बातमी पोचली होती. मला ती खोली हवी होती. कोणी आवाज चढवला तर माझ्या हातातलं काम पुढं करता येईल अशी एक जागा मला आयुष्यात हवी होती, ती हीच.

ऑर्डर चालू असतानाच खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर स्टिअरिंगला हार घालतो. कंपनीतही व्हायची, पण नियम ठरलेला होता: पूजा बाहेरच्या बाहेर. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, जनरेटरला हार, मोठ्या दाराला आंब्याच्या पानांचा टाळा. स्वच्छ खोलीच्या आत उदबत्तीचा धूरसुद्धा नाही. मी हात जोडायची नाही. कडेला उभी राहून सगळ्यांचे फोटो काढायची, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमच्या दीक्षेचा दिवस. पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात जायचं, हे माझं दरवर्षीचं. त्यामुळं खंडेनवमीला मी अर्धा दिवस काम करून गावाला निघायची.

त्या दिवशीही मी ठसा उचलून झाल्यावर मास्टर त्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, झाकणाची कडी लावली, कट असा आवाज आला का ते ऐकलं, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "जा गं माय, बस चुकंल तुझी. मी हाय ना." अव्वा उदगीरहून येणार होती, लेकीची कंपनी बघायला. तिची भेट होणार नाही म्हणून मला चुटपुट लागली. अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली, आणि मी सगळं विसरून दोन दिवस आईच्या हातचं खाल्लं.

परत आल्यावर मास्टरवरून नवा ठसा घेतला, काच छापली आणि दिव्यासमोर धरली. मधोमध, जिथून उजेड डोळ्यात यायचा नेमक्या त्याच जागी, दुधाळ डाग. मला वाटलं, रेझिनमध्ये बुडबुडा आला असेल. दुसरी काच छापली. डाग तिथंच. तिसरीवरही तिथंच. डाग एकाच जागी येतो याचा अर्थ तो काचेचा नसतो, मास्टरचा असतो. मायक्रोस्कोपखाली मास्टर ठेवला. रेघांमध्ये कसले तरी कण घुसून दाबले गेले होते आणि आजूबाजूच्या रेघा आडव्या झालेल्या.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मास्टर शेवटी कोणी ठेवला?"

"मी, सर."

"डबा नीट बंद केला होता?"

"केला होता. कडी लागल्याचं ऐकलं होतं मी."

"बस गाठायची घाई होती म्हणे तुम्हाला."

घाई होती, हे खरंच होतं. पण घाईत मी डबा उघडा टाकीन? मी? मी तेच सांगत राहिले आणि सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "तूर्तास तुम्ही पॅकिंगला बघा." ऑर्डर लटकली. मास्टर साफ होतो का हे बघायला बाहेर पाठवला. मी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर टेप लावायला लागले. पाण्याच्या नळापाशी कोणीतरी माझ्या पाठीमागं म्हणालं, "हात जोडायचे न्हाईत, मग असंच होतंय." मी वळून पाहिलं तर सगळेच पाणी पीत होते.

अशा वेळी माझ्याजवळ कोण होतं? तीच. रात्री माझ्या पाठीवरून हात फिरवायची. डब्यात भरली वांगी घालून द्यायची, मला आवडतात म्हणून. "मी सरांशी बोलते गं, तू फिकीर करू नको." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आहे, हे मला आज आठवलं की अंगाची लाही लाही होते.

मास्टरचा रिकामा डबा पॅकिंगच्या खोलीत येऊन पडला होता. एका सकाळी सगळं आवरता आवरता मी तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला घेतला. पांढरा बोळा पिवळा झाला. मी बघतच राहिले. पॅकिंगच्या खोलीत साधी ट्यूबलाइट. तिच्या उजेडात झाकणावर एक फिकट पिवळा ठिपका दिसत होता आणि कडीपाशी बोटाचा पुसट ठसा. बोळा नाकाशी नेला तर स्पिरिटच्या वासाखाली ओळखीचा वास. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, तर बोळा हिरवट पिवळा चमकला. हळद! पांढऱ्या डब्यावरची हळद छपाईच्या पिवळ्या उजेडात कोणाच्या बापाला दिसणार नव्हती. कुंकू असतं तर काळपट दिसलं असतं. पुढं कळलं की कुंकूही लावलं होतं. ते दिसत होतं म्हणून तिनं पुसून टाकलं, आणि हळद दिसत नव्हती म्हणून ती राहिली.

किल्ली मी तिलाच दिली होती. दुसरा कोणी असायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी खोलीवर ती कणीक मळत होती. मी बोळा तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे काय हाय?" ती तशीच पिठाच्या हातानं खाली बसली. मग सगळं सांगितलं. अव्वा त्या दिवशी पूजेचं ताट घेऊन आली होती. म्हणाली, जनरेटरची कसली पूजा करता, तुमची लक्ष्मी तर आत हाय. हिनं आत जाऊन कपाट उघडलं, डब्याच्या झाकणाला हळदकुंकवाची बोटं लावली. खिडकीच्या काचेपलीकडून अव्वा म्हणाली, मला एकदा दाखव तरी. मग हिनं त्याच हळदीच्या हातानं डबा उघडून मास्टर काचेसमोर धरला. त्यावरचे इंद्रधनुष्यासारखे रंग बघून बाहेर उभ्या अव्वानं हात जोडले.

"तिला इतका आनंद झाला गं," ती रडत म्हणाली. "तिच्या डोळ्यात पाणी आलं."

खरं सांगू? माझा राग पाण्यासारखा वाहून गेला. पोरगी आईला आपलं काम दाखवते, आई हात जोडते, यात पाप ते कसलं? माझी आई आली असती तर मीही कुठं तरी नियम मोडला असता. ती म्हणाली, "अव्वाचं नाव नको सांगू. तिच्यामुळं नुकसान झालं असं कळलं तर ती जिवाला लावून घेईल." मी म्हणाले, अव्वाचं नाव अजिबात येणार नाही. तू एवढंच सांग की डबा तू उघडला होतास, म्हणजे माझ्यावरचं खापर उतरेल. पुढचं मी बघते, सरांशी मी भांडते तुझ्या बाजूनं. ती म्हणाली, "हाव. सकाळी दोघी मिळून जाऊ." आम्ही जेवलो. तिनं मला वाढलं.

सकाळी उठले तर ती निघून गेलेली. मला वाटलं, लवकर उठून आधी देवळात गेली असेल, धीर यायला.

मी सरांच्या टेबलावर बोळा ठेवला, टॉर्च मारून दाखवला आणि सांगितलं की कपाट माझ्या मागं उघडलं गेलं होतं. कोणी उघडलं ते तिनंच येऊन सांगावं म्हणून मी नाव घेतलं नाही. बघा माझा शहाणपणा! सरांनी बोळ्याला हातही लावला नाही.

"त्या आत्ताच येऊन गेल्या," ते म्हणाले. "म्हणाल्या, तुम्ही असं काहीतरी घेऊन याल. पूजेवर तुमचा आधीपासूनच राग आहे, आणि आता तुम्ही त्यांच्या आईचं नाव यात ओढणार आहात."

मला आधी कळलंच नाही. शब्द कानावर पडत होते, पण डोक्यात शिरत नव्हते.

"सर, ही हळद..."

"हळद काय, नंतरही लावता येते," सर म्हणाले. आवाज तसाच गोड. "हे बघा, त्या तुमच्या जिवाभावाच्या मैत्रीण. तुम्ही घाईत होतात, डबा नीट लागला नव्हता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. तेसुद्धा किती जड मनानं. त्यांना तुमच्याविरुद्ध बोलून काय मिळणार आहे?"

पहिल्याच दिवशी! म्हणजे पाठीवरून हात फिरत होता तेव्हा, वांगी भरली जात होती तेव्हा, माझ्या नावावर हे सगळं आधीच लिहून झालं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. गळ्याला कळतसुद्धा नाही. मी सरांना एवढंच विचारलं की इतक्या वर्षांत माझ्या हातून एकदा तरी कुठला डबा उघडा राहिला होता का. ते म्हणाले, "विषय वाढवू नका. पूजेमुळं मास्टर गेला असं मी लोकांपुढं कोणत्या तोंडानं सांगू? सणासुदीचे दिवस आहेत." मी तिथंच, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, राजीनामा टाइप केला. भाषा नीट होती. चूक एकही झाली नाही.

मग तपासणीच्या खोलीत गेले. ती एकटीच होती, डोळा मायक्रोस्कोपला लावून. झगा, टोपी, मास्क. दिसत होते फक्त डोळे. मी ओरडायचं ठरवून गेले होते. दगाबाज म्हणणार होते, अव्वाच्या पाटाची शपथ घालणार होते, झिंज्या धरणार होते. तोंडातून निघालं ते एवढंच: "का गं?"

तिनं मास्क खाली ओढला. रडत नव्हती. थकलेली दिसत होती.

"अगं, माझं नाव आलं असतं तर अव्वाचं आलं असतं," ती म्हणाली. "कोणाचं तरी सांगायलाच लागणार होतं. मी आधी तुझं न्हाई सांगितलं, आईशप्पथ. कॉम्प्रेसरवाल्या दादाचं सांगितलं होतं. सरांनी ढीगभर प्रश्न विचारले. तो आत कसा गेला, किल्ली कोणी दिली, तू काय बघितलंस, कशावरून. मला काही सांगताच येईना. मग म्हणलं, नाही नाही, तीच होती, घाईत होती. तुझं नाव घेतलं, तर सरांनी एकसुद्धा प्रश्न विचारला नाही."

आणि हे ती मला समजावून सांगत होती. माझा हात धरून, हळू आवाजात, जणू तिचा कसा नाइलाज झाला हे मला तरी नक्की कळेल.